पगार नाही, अधिकार नाहीत, मग कशाला?

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त तीन वर्षं ग्लासगोला आहे. पासपोर्ट भारतीयच. शेजारच्या आजींच्या आग्रहावरून ती तिथल्या कम्युनिटी कौन्सिलला, म्हणजे वस्तीच्या निवडून दिलेल्या मंडळाला, उभी राहायचं म्हणते. पगार नाही, अधिकार नाहीत, मग या लष्कराच्या भाकऱ्या कशाला? आणि परदेशी माणसाला हे चालतं तरी का?
– एक आई, नाशिक

उत्तर : चालतं हो. स्थानिक मतदारयादीत नाव हवं, आणि राष्ट्रकुलातल्या देशाची नागरिक म्हणून तिला ते घालता येतं. तिथे १६ वर्षांची पोरंसुद्धा उभी राहतात. निवडणुकीचा मात्र धसका घेऊ नका. पुष्कळदा जागांपेक्षा अर्जच कमी येतात, मग मतदान कसलं! मी एडिंबरात अशीच ‘बिनविरोध’ निवडून आले आणि चार वर्षं भाकऱ्या भाजल्या.

अधिकारांचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. १९७३च्या कायद्याने या मंडळींना काम दिलं ते वस्तीचं म्हणणं जाणून घेऊन पालिकेच्या कानावर घालण्याचं. इंग्लंडातल्या पॅरिश कौन्सिलला, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीला म्हणा ना, निदान घरपट्टीत आपला वाटा लावता येतो, स्कॉटलंडात तेही नाही. पालिकेचं किरकोळ अनुदान हॉलच्या भाड्यात नि झेरॉक्समध्ये संपतं. पण १९७५मध्ये गावोगावच्या जुन्या नगरपालिका मोडल्या, आणि आज सुमारे ५५ लाख लोकांना ३२च पालिका आहेत. एवढ्या पसाऱ्यात तुमच्या गल्लीची फिकीर कोणाला?

एक गोष्ट मात्र हातात असते. बांधकामाच्या अर्जावर कौन्सिलने मत द्यायचं ठरवलं, तर पालिकेला ते विचारात घ्यावं लागतं. आमच्याकडे जुन्या गॅरेजच्या जागी फ्लॅट होणार होते. मी तावातावाने पत्र लिहिलं : टेकडी दिसेनाशी होईल, घरांच्या किमती पडतील. आमच्या खजिनदार बाई, वय ७८, वाचून म्हणाल्या, ‘‘यातलं एकही कारण ते धरत नाहीत.’’ उजेड, आवाज, रहदारी असलं काही हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला बाई थर्मास घेऊन त्या कोपऱ्यावर उभ्या! शाळेची किती पोरं रस्ता ओलांडतात, ते चार-चार उभ्या रेघा नि पाचवी आडवी मारून आठवडाभर मोजलं. मी टिपणवहीवर छत्री धरायला.

फ्लॅट झालेच. गाड्यांचं फाटक तेवढं मागच्या रस्त्याला गेलं. टेकडी आता माझ्या खिडकीतून दिसत नाही, ती दिसत नाही.

तेव्हा लेकीला उभं राहू द्या. महिन्यातली एक संध्याकाळ जाईल, त्यातला अर्धा वेळ कुत्र्यांच्या घाणीवर. फक्त पहिल्याच वर्षी सेक्रेटरीपद घेऊ नको म्हणावं. नवीन माणूस दिसला की ते त्याच्याच गळ्यात मारतात.