टक्के नको, माणसं मोजा

प्रश्न: ताई, प्रोजेक्टसाठी २०० जणांना विचारलं की गेल्या महिन्यात सर्दी-ताप झाला होता का. मुलं ६०, त्यातली ३० आजारी, मोठी माणसं १००, त्यातली ३०, आणि साठीपुढचे ४०, त्यातले २०. म्हणजे ५०, ३०, ५० टक्के. काय-स्क्वेअर टेस्टमध्ये (गटांमधला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का ते बघणाऱ्या) टक्के टाकले तर १०.८६ आलं, मैत्रिणीने माणसांचे आकडे टाकले तर ८.३३. बरोबर कोणाचं?

उत्तर: मैत्रिणीचं. टक्के टाकले की टेस्ट धरून चालते की प्रत्येक गटात १०० माणसं होती, म्हणजे तुमच्या ४० ज्येष्ठांचे बसल्याजागी १०० झाले आणि जे तुम्ही कोणाला विचारलंच नाही तेही पुराव्यात धरलं गेलं.

आता ८.३३ कुठून आले ते बघा. नल हायपोथिसिस म्हणतं की आजारी पडायचं प्रमाण सगळ्या वयात सारखंच. २०० पैकी ८० आजारी, म्हणजे ४० टक्के, मग त्या हिशोबाने मुलांत २४, मोठ्यांत ४० आणि ज्येष्ठांत १६ जण आजारी असायला हवे होते. प्रत्येक फरकाचा वर्ग करायचा, त्याला अपेक्षित आकड्याने भागायचं, जे आजारी पडले नाहीत त्यांचंही असंच करायचं (हे खूप जण विसरतात) आणि सगळं मिळवायचं. तीन गट म्हणून डिग्री ऑफ फ्रीडम (इथे गटांपेक्षा एक कमी) २, तिच्यासाठी ५ टक्के पातळीला तक्त्यातली सीमा ५.९९, आपण तिच्या पुढे गेलो, म्हणून नल नाकारायचं. पी-व्हॅल्यू साधारण ०.०१५५ येते. पण याचा अर्थ फरक खरा असण्याची शक्यता ९८ टक्के असा अजिबात लावू नका, वयाचा आणि आजाराचा काही संबंध नसता तरी एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसायची शक्यता तेवढी, बस.

टेस्ट कुठला गट वेगळा ते सांगत नाही, त्यासाठी दोन-दोन गटांच्या जोड्या लावून बघावं लागतं, आणि तीन तुलना केल्या तर ५ टक्क्यांची पातळीही तीन भागात वाटून घ्या.

आणि हो, कोणी महिन्यात दोनदा आजारी पडलं असेल तर त्याला दोनदा मोजू नका, ही टेस्ट एका माणसाला एकदाच धरते. किती वेळा आजारी पडले हेच बघायचं असेल तर क्रुस्कल-वॉलिस टेस्ट (आकड्यांऐवजी त्यांचे लहान-मोठे क्रमांक लावून गटांची तुलना करणारी) घ्या, कारण अशा डेटात शून्यं भरपूर आणि मोठे आकडे थोडे असतात. वयोगट मात्र डेटा बघायच्या आधी ठरवलेले असू द्या, उत्तर आल्यावर साठीची पंचावन्न केलीत तर त्या पी-व्हॅल्यूवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.