रोटाव्हेटरची पाती पहिल्यांदा बदलताय?

दादा, दुकानात जाताना जुनं पातं सोबत न्या. दोन भोकांमधलं अंतर आणि भोकाचा व्यास जुळला तरच घ्या; नुसतं मॉडेल सांगून आणलेलं बऱ्याचदा परत करावं लागतं.

बसवताना:
- ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, रोटाव्हेटरखाली भक्कम लाकडी ठोकळे. नुसत्या हायड्रॉलिकवर कधीच विसंबू नका.
- डावी-उजवी पाती वेगळी असतात. एकेक काढून तिथेच नवं लावा, म्हणजे क्रम चुकत नाही. धारेची बाजू आधी मातीत शिरली पाहिजे.
- बोल्ट कमीत कमी 8.8 ग्रेडचे (जास्त ताकदीचे, डोक्यावर 8.8 कोरलेलं असतं), स्प्रिंग वॉशरसह. साधे बोल्ट ताणतात, पातं हलतं आणि फ्लँजचं (शाफ्टवरची चकती, जिच्यावर पाती बसतात) भोक लांबट होतं. मग खर्च मोठा.

सगळ्यात जास्त होणारी चूक: दोन-तीन तास चालवल्यावर बोल्ट पुन्हा आवळायचे राहून जातात.