वडिलांना बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असताना पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल दिल्या तर चालतील का?

तुम्ही लिहिलंय की वडील ६८ वर्षांचे आहेत. बीपीसाठी अॅम्लोडिपिन, शुगरसाठी मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइड आणि अॅसिडिटीसाठी सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल चालू आहे, आणि पोट सारखं फुगतं म्हणून कुणीतरी या कॅप्सूल सुचवल्या. मी फार्मासिस्ट आहे. माझं मत विचाराल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरू करू नका. अशा वेळी सगळ्यांना काळजी बीपीच्या गोळीची वाटते, पण इथे खरी अडचण अॅसिडिटीच्या गोळीची आहे.

या कॅप्सूलवरचं आवरण जठरातल्या आम्लात टिकतं आणि पुढे आतड्यात गेल्यावर विरघळतं. पँटोप्राझोल ते आम्लच कमी करतं. मग आवरण जठरातच विरघळून तेल तिथेच सुटू शकतं. त्यात पुदिन्याचं तेल अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल करतं. ज्यांना आधीच छातीत जळजळतं, आंबट ढेकर येतात, त्यांचा त्रास यामुळे वाढतो. साधं अँटासिड असेल तर दोन तासांचं अंतर ठेवून निभावतं. पँटोप्राझोलचा परिणाम दिवसभर राहतो, तिथे अंतर ठेवून उपयोग नाही. आणि ही कॅप्सूल फोडून किंवा चावून तर कधीच घ्यायची नाही.

बीपीचं म्हणाल, तर अॅम्लोडिपिनच्या गटातल्या फेलोडिपिनचं रक्तातलं प्रमाण पुदिन्याच्या तेलाने वाढल्याचं एका छोट्या अभ्यासात दिसलं होतं. अॅम्लोडिपिनचं तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण डॉक्टरांनी कॅप्सूल चालतील म्हटलं, तरी चक्कर येतेय का, पायांवर सूज चढतेय का, इकडे लक्ष ठेवा.

जेवणातली पुदिन्याची चटणी बंद करायची काहीच गरज नाही. कपभर पुदिन्याचा चहाही चालेल, जळजळ होत नसेल तर. फक्त कधी लोहाची गोळी सुरू झाली तर ती या चहासोबत देऊ नका, लोह नीट शोषलं जात नाही.

आणखी एक कराच. काउंटरवर मी "दुसरं काही औषध घेता का?" असं विचारलं की बहुतेकदा "नाही" म्हणतात. "सकाळी उठल्यावर काय काय घेता?" असं विचारलं की मग भिजवलेल्या मेथ्या, जेष्ठमधाचा काढा, गुळवेलीचा रस असं सगळं बाहेर येतं. वडिलांनाही असंच विचारा. मेथीची पूड रोज भरपूर आणि वर ग्लिमेपिराइड, यात साखर एकदम खाली येऊन घाम आणि थरथर सुटू शकते. जेष्ठमध बरेच दिवस घेतलं तर बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं. गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला होता, तरी यकृताचा त्रास असलेल्यांना मी ती देत नाही.

डॉक्टरांकडे जाताना हे सगळे डबे-बाटल्या गोळ्यांसोबत एकाच पिशवीत न्या. आणि पोट फुगणं मेटफॉर्मिन सुरू झाल्यापासून किंवा डोस वाढवल्यापासून आहे का, तेही आठवून सांगा. या गोळीने गॅस होणं, पातळ शौचाला होणं अगदी नेहमीचं आहे. डॉक्टर ती जेवणानंतर घ्यायला सांगतील किंवा हळूहळू विरघळणारी गोळी लिहून देतील, आणि पुष्कळांना तेवढ्यानेच आराम पडतो. मात्र वजन घटत असेल किंवा शौच काळी होत असेल, तर थांबू नका, लगेच दाखवा.