मुलगा जीटीए खेळतो, पीसी विकून टाकू का?

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला आहे, वय सोळा. पीसी अभ्यासासाठी घेतला, त्यावर जीटीए चालतो. परवा मी मागे जाऊन उभी राहिले, तर खुर्चीला बांधलेल्या माणसाचा दात पकडीने उपटणं चाललं होतं आणि बटणं दाबणारा माझाच मुलगा होता. रात्री हेडफोन लावून कुणाला तरी 'लायसन्स दाखवा' म्हणत असतो. आता म्हणतो, गेम डेव्हलपर व्हायचंय. एका खासगी संस्थेचं साडेचार लाखांचं माहितीपत्रकही आणलंय. यजमान म्हणतात पीसी विकून टाकू. हा पुढे गुंड तर होणार नाही ना? वहीची मागची पानंही याच खेळाने भरली आहेत, फोटो जोडला आहे. — एक आई, कराड

उत्तर : ताई, पीसी विकू नका. आणि त्या साडेचार लाखांचा पहिला हप्ताही भरू नका.

तुम्ही पाहिलात तो प्रसंग जीटीए, म्हणजे 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या गेममालिकेतल्या 'फाइव्ह' या गेममधला. कुठल्याही आईची झोप उडेल असाच आहे. २०१३ साली गेम आला तेव्हा ब्रिटनमध्ये छळपीडितांसाठी काम करणाऱ्या संस्थेनेही त्यावर जाहीर टीका केली होती. गेममध्ये पुढे तोच छळ करणारा इसम त्या माणसाला गाडीत घालून विमानतळावर सोडतो आणि वाटेत ऐकवतो की छळ करून कामाची माहिती मिळत नसते. म्हणजे बनवणाऱ्यांना अमेरिकी तपासयंत्रणांच्या पद्धतींची खिल्ली उडवायची होती. मला हा बचाव अर्धाच पटतो. उपहास कळायला वय लागतं, बटण दाबायला लागत नाही. युरोपात या गेमच्या पाकिटावर १८ चा शिक्का आहे, अमेरिकेत १७ चा. 'तुझं वय बसत नाही' हे मुलाला सांगण्यात तुम्ही मागासलेल्या ठरत नाही.

पण मुलं यात रमतात ती नुसत्या मारामारीसाठी नव्हे. हा खेळ मुळात स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात एका छोट्या कंपनीत 'रेस अँड चेस' या नावाने सुरू झाला. चोर-पोलिसांचा साधाच खेळ, आणि चाचणी घेणाऱ्यांना तो कंटाळवाणा वाटत होता. मग प्रोग्राममध्ये एक चूक झाली आणि पोलिसांच्या गाड्या रस्ता सोडून थेट खेळाडूच्या अंगावर यायला लागल्या. तेव्हा कुठे सगळ्यांना मजा आली! पोलीस हात धुऊन मागे लागलेत आणि अख्खं शहर आपल्याला मोकळं आहे, ही खरी गंमत. सिग्नल तोडा, टॅक्सी चालवा, नाहीतर नुसते समुद्रावर जाऊन बसा. सोळाव्या वर्षी कॉलेज, क्लास आणि घर या त्रिकोणात फिरणाऱ्या पोराला याचं अप्रूप वाटणारच.

वादाचं म्हणाल, तर तो या खेळाच्या पाचवीलाच पुजलेला. १९९७ मध्ये पहिला गेम बाजारात यायच्या आधीच ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये त्यावर प्रश्न विचारला गेला, आणि ओरड वाढावी म्हणून प्रकाशकांनीच मॅक्स क्लिफर्ड हा प्रसिद्धीतज्ज्ञ नेमला होता. फाइव्हने पहिल्या तीन दिवसांत १०० कोटी डॉलरची विक्री केली आणि आजवर त्याच्या २० कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. बोंब मारली की खप वाढतो, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आपल्याकडे सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून याच मालिकेतला 'व्हाइस सिटी' खेळलेली पोरं आता चाळिशीला टेकली. 'पॅन्झर' टाइप केलं की रणगाडा हजर, हे त्यांना अजून पाठ आहे. गृहकर्जाचे हप्ते फेडण्यापलीकडे त्यांनी काही दरोडे घातल्याचं दिसत नाही.

तुमच्या मुख्य भीतीवर संशोधन झालेलं आहे. जर्मनीतल्या एका प्रयोगात प्रौढांना दोन महिने रोज जीटीए फाइव्ह खेळायला लावलं. त्यांच्या आक्रमकतेत लक्षणीय फरक आढळला नाही. ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांची पाहणी केली. त्यांनाही हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांचा संबंध सापडला नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची संघटना थोडं वेगळं म्हणते : आरडाओरडा, ढकलाढकली अशा वागण्याशी किंचित संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला पुरावा नाही. तेव्हा गुंडगिरीची भीती मनातून काढा.

मला स्वतःला जास्त खटकतं ते बाईचं चित्रण. फाइव्हचे तिन्ही नायक पुरुष, आणि बायका बहुतेक ठिकाणी चेष्टेला, धंद्याला किंवा मार खायला. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांनी याविरुद्ध याचिका चालवली, तेव्हा टार्गेट आणि केमार्ट या तिथल्या मोठ्या दुकानसाखळ्यांनी गेम विक्रीतून काढला. यावर मुलाशी बोला. भाषण नको, 'तुला हे बघताना काय वाटतं?' एवढंच विचारा. उत्तरावरून तुम्हाला बरंच कळेल. ऑनलाइन भागात अनोळखी मोठी माणसं कानात बोलत असतात आणि खेळातले पैसे खऱ्या पैशांनी विकत मिळतात, तेव्हा तुमचं कार्ड किंवा यूपीआय त्याला जोडलेलं नाही ना, तेही बघून घ्या.

आता फोटो. तो मी मोठा करून पाहिला. ते 'लायसन्स दाखवा' प्रकरण काय आहे, तेही त्यातून उलगडलं. फाइव्ह-एम नावाच्या व्यवस्थेत खेळाडू जीटीएवर आपापले सर्व्हर, म्हणजे आपापल्या नियमांची ऑनलाइन शहरं, चालवतात. तिथे कुणी डॉक्टर होतो, कुणी मेकॅनिक. तुमचे चिरंजीव ट्रॅफिक हवालदार आहेत! आणि वहीत त्यांनी लुआ या प्रोग्रामिंग भाषेत चलन फाडायची सोय लिहिली आहे : गाडीचा वेग घ्या, त्याला ३.६ ने गुणा, ८० च्या वर गेला तर चालकाच्या खात्यातून पाचशे वजा. गेम वेग मीटर प्रति सेकंदात देतो, किलोमीटर प्रति तास करायला ३.६ ने गुणावं लागतं. आधी ३६ लिहून खोडलंय आणि शेजारी कडेला गणित करून चूक दुरुस्त केली आहे. हे त्याला कुणी गृहपाठ म्हणून दिलेलं नव्हतं.

नुसता खेळणारा मुलगा आणि खेळ कसा चालतो म्हणून आत हात घालणारा मुलगा, यांना मी कधीच एक सल्ला देत नाही. फाइव्ह-एम बनवणारी मंडळी अशीच हौसेने दुसऱ्याच्या गेममध्ये हात घालणारी होती. २०२३ मध्ये जीटीएच्या कंपनीने, रॉकस्टारने, तो अख्खा चमूच आपल्यात घेतला. रॉकस्टारचा एक स्टुडिओ बेंगळुरूला आहे. २०१९ मध्ये ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही तिथली जुनी कंपनीही त्यांनी विकत घेतली. पुण्यात युबिसॉफ्ट ही गेम कंपनी आहे, आणि 'राजी' हा भारतीय पुराणकथांवरचा गेम पुण्यातल्याच छोट्या चमूने बनवला. कामं आहेत, पण सुखाची नाहीत. गेम पूर्ण करायच्या शेवटच्या महिन्यांत रात्रंदिवस राबावं लागतं, आणि गेल्या काही वर्षांत जगभर या धंद्यात मोठी नोकरकपात झाली आहे. टेस्टरची नोकरी म्हणजे दिवसभर खेळणं नव्हे. एकाच भिंतीला शंभरदा धडकून कुठल्या कोनात गाडी भिंतीत शिरते ते लिहून काढणं, हे ते काम.

म्हणून अकरावी-बारावी सायन्स सोडू देऊ नका. व्हेक्टर, त्रिकोणमिती, मॅट्रिक्स हे या कामाचं रोजचं हत्यार आहे. प्रोग्रामिंगकडे ओढा असेल तर कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, म्हणजे सीईटी किंवा जेईई. चित्रकला, रचना यांत जीव रमत असेल तर आयआयटीच्या डिझाइन पदवीसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा. पुढे एनआयडीच्या, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या, बेंगळुरू केंद्रात गेम डिझाइनची पदव्युत्तर पदवीही आहे. खासगी संस्थेत जाऊन दोनच गोष्टी मागा : प्रमाणपत्राला विद्यापीठाची मान्यता, आणि गेल्या वर्षीच्या मुलांनी पूर्ण केलेले गेम. दुसरी गोष्ट दाखवायला टाळाटाळ झाली की चहा पिऊन निघा.

त्याआधी मे महिन्याच्या सुट्टीत त्याला एक काम द्या. गोडॉ हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात एक छोटा गेम, सुरुवात, शेवट, गुण, आवाज सगळ्यांसकट पुरा करायचा आणि चार मित्रांना खेळायला द्यायचा. सुरू सगळेच करतात. त्याने पुरा केला तर मला कळवा, पुढचं बोलू.

झोप, जेवण, कॉलेज, मित्र यांतलं काही सुटलंय का, खेळ बंद करताना तो चवताळतो का, खोटं बोलतो का, यावर लक्ष ठेवा. जागतिक आरोग्य संघटना गेमिंगच्या विकाराला आजार मानते, पण त्यासाठी ही लक्षणं साधारण वर्षभर दिसावी लागतात. तशी शंका आली तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तुमच्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही. तरी रात्री अकरानंतर पीसी बंद, हा नियम आजपासून लावा. हवालदाराचीही ड्यूटी संपते.

यजमानांनाही एक सांगून ठेवा. जीटीए सिक्ससाठी १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर झाली आहे. तो पीसीवर नाही, आधी प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवरच येणार. म्हणजे ऐन बारावीत घरात प्लेस्टेशनचा हट्ट सुरू होणार. त्याचं उत्तर दोघांनी मिळून आत्ताच ठरवा आणि मुलाला आत्ताच सांगा : सीईटीचा शेवटचा पेपर होईपर्यंत तो विषय नाही.