कॅल्क्युलससाठी चांगली लायब्ररी कशी शोधायची?

इंटिग्रल, डेरिव्हेटिव्ह आणि डिफरन्शियल इक्वेशन, तिन्ही करणारी एकच लायब्ररी तुम्ही विचारली आहे. मी आधी उलट विचारेन: उत्तर सूत्रात हवंय की आकड्यात? सूत्र हवं असेल तर पायथनमध्ये सिम्पाय, नाहीतर मॅक्सिमा हा स्वतंत्र प्रोग्रॅम. आकडा हवा असेल तर पायथनचीच सायपाय. सी भाषेत लिहीत असाल तर जीएसएल (ग्नू सायंटिफिक लायब्ररी). मात्र जीएसएलचा परवाना जीपीएल आहे (ती जोडून प्रोग्रॅम वितरित केला तर त्याचाही सोर्स कोड खुला करावा लागतो), सायपायचा बीएसडी (त्यात ही अट नाही). सोर्स कोड खुला न करता प्रोग्रॅम विकायचा असेल तर हा फरक आधीच बघून घ्या.

लायब्ररी निवडताना मी तिच्या पोटात काय आहे ते बघतो. सायपायचं क्वाड हे इंटिग्रल काढणारं फंक्शन आतून क्वाडपॅक वापरतं, म्हणजे 1980 च्या दशकातला, मुळात फोरट्रानमध्ये लिहिलेला, वर्षानुवर्षं कसाला लागलेला कोड. डॉक्युमेंटेशनमध्ये असं नाव सापडलं की नेटलिब या गणिती कोडच्या जुन्या ऑनलाइन संग्रहात त्याचा मूळ कोड वाचता येतो आणि त्याच्या मर्यादाही कळतात.

मर्यादा कळणं फार महत्त्वाचं आहे. ई चा उणे एक्स वर्ग घात, याचं 0 ते 10000 इंटिग्रल क्वाडला द्या. खरं उत्तर सुमारे 0.886, पण क्वाड जवळजवळ शून्य सांगतं आणि आपल्या उत्तरात चूक किती असेल याचा त्याचा अंदाजही शून्यच! कारण ते सुरुवातीला 21 बिंदूंवर फंक्शन तपासतं. त्यातला शून्याच्या सर्वांत जवळचा बिंदूच 21 च्या पुढे पडतो आणि तिथे फंक्शन कधीच विझलेलं असतं. वरची मर्यादा अनंत दिली की उत्तर बरोबर येतं. म्हणून कुठलीही नवी लायब्ररी घेतली की उत्तर आधीच माहीत असलेली दोन-चार गणितं, त्यात एखादं असं खोडकर, तिच्यावर चालवून बघाच.

डिफरन्शियल इक्वेशनला सायपायचं सॉल्व्ह-आयव्हीपी हे फंक्शन पुरतं. ते फारच रेंगाळू लागलं तर समीकरण बहुधा स्टिफ आहे, म्हणजे त्यात काही बदल फार झपाट्याने आणि काही फार सावकाश होतात. काही न सांगता ते वापरतं ती आरके45 पद्धत सोडून राडाऊ किंवा बीडीएफ लावा. डेरिव्हेटिव्हसाठी मात्र अगदी बारीक अंतर घेऊन वजाबाकी करू नका. दुहेरी अचूकतेत, म्हणजे संगणकाच्या नेहमीच्या दशांश संख्येत, जेमतेम 16 अंक मिळतात, आणि जवळजवळ सारख्या संख्या वजा केल्या की त्यातले बरेचसे तिथेच जातात. तुमचं फंक्शन पायथनमध्येच लिहिलेलं असेल तर जॅक्स ही लायब्ररी घ्या. ते साखळी नियम कोडच्या प्रत्येक पायरीला लावतं, त्यामुळे अंतर किती घ्यावं हा प्रश्नच उरत नाही.