टाके सुटेपर्यंत

अगं, तुझा फेरेट चिकू (लांबट अंगाचा, छोटा मांसाहारी पाळीव प्राणी) ऑपरेशन होऊन घरी आला ना, आता आधी पिंजऱ्यातला झुला आणि शिडी काढ. गुंगी उतरली की ही मंडळी वर चढायला बघतात आणि टाके ताणतात. खाली जुनी सुती चादर घाल, शी-शूच्या कोपऱ्यात फाडलेला कागद. शी-शूसाठी पसरतात ते दाणेदार लिटर जखमेला चिकटतं.

खरी गोम खाण्यात आहे. फेरेटचं आतडं आखूड, तीन-चार तासांत पोट रिकामं. म्हणून रात्री गजर लावच. चिकन मीठ-कांद्याशिवाय उकड, मिक्सरमधून पातळ काढ आणि कोमट दे. माझ्या फेरेटनं वाटीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, पण करंगळीवरचं चाटून चाटून साफ केलं! सिरिंजने देशील तर गालाच्या कडेनं, थेंब थेंब. घाई केलीस तर श्वासनलिकेत जातं. दूध नको. आणि आजीला बजावून ठेव, पोह्यांवरची शेवसुद्धा नाही.

इंदूरचा मे म्हणजे पारा ४० च्या वर, आणि याला ३० अंशांपुढेच त्रास होतो. गार खोलीत ठेव, पण कूलरचा झोत अंगावर नको.

कण्हतोय म्हणून घरातली पॅरासिटामॉल अजिबात देऊ नकोस, जिवावर बेतेल. वेदनेचं औषध डॉक्टर वजनावर ठरवतात.

हिरड्या रोज बघ, गुलाबी हव्यात. पांढुरक्या दिसल्या, शी डांबरासारखी काळी झाली किंवा मागचे पाय लटपटले, तर सकाळची वाट बघू नकोस. लटपटत असेल तर हिरड्यांना थोडा मध लाव आणि तशीच निघ.