वाटेवरचा कप: प्रवासात न्यायच्या गरम पेयांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत सकाळच्या फ्लास्कविषयीचे प्रश्न बरेच होते. घरी साडेसहाला उकळलेलं पेय पणजीत किंवा वेर्ण्याला साडेनऊला तोंडी लागतं, म्हणून त्याची कृती साडेनऊचा विचार करून ठरवावी लागते. खाली कप म्हणजे १५० मि.ली. आणि चमचा म्हणजे चहाचा लहान चमचा.

म्हापशाहून रोज पणजीला बसने जाते. घरी चांगला झालेला चहा ऑफिसात कडवट आणि काळपट लागतो. फ्लास्क नवीन आहे. चूक कुठे होते?

चूक बहुधा गाळण्यात आहे. आपण वापरतो ती दाणेदार पूड दोन-तीन मिनिटांत आपला सगळा रंग देते. साध्या गाळणीतून तिचा बारीक भुगा खाली उतरतो आणि फ्लास्कच्या तळाशी बसून तीन तास चहात मुरत राहतो. घरी लगेच प्यायलात तर हे कळत नाही. चहा आधी गाळणीतून आणि मग धुतलेल्या मलमलच्या फडक्यातून गाळा. पुष्कळसा कडवटपणा एवढ्यानेच जाईल.

३५० मि.ली.च्या फ्लास्कसाठी २५० मि.ली. पाणी, १५० मि.ली. दूध आणि पूड सपाट दोन चमचे पुरे. घरी तिसरा चमचा घालत असाल तर इथे घालू नका. पाण्याला उकळी आली की पूड घालून दोन मिनिटं ठेवा. वेगळं तापवलेलं दूध ओता, एकदा वर येऊ द्या आणि गॅस बंद करा. वेलदोडा घालायचा तर एकच, आणि तो अगदी शेवटी. बंद भांड्यात त्याचा वास वाढतो आणि चहाची चव मागे पडते.

तोवर फ्लास्कमध्ये उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवायचं. थंड स्टीलच्या भिंती चहाची पहिली ऊब ओढून घेतात. पाणी ओतून टाकताच चहा भरा, झाकणाच्या आट्यांपर्यंत. अर्धा भरलेला फ्लास्क लवकर निवतो.

दुधाचा चहा तीन तासांपलीकडे ठेवू नका, आणि कोमट झालेला तर नकोच. दूध ६० अंशांच्या खाली आलं की त्यात जंतू वाढायला लागतात. उशिरा पिणार असाल तर फ्लास्कमध्ये कोरा चहा न्या आणि डबीत दुधाची पावडर. कपाला दोन मोठे चमचे. आधी थोड्या चहात पावडर कालवून घ्या, एकदम टाकलीत तर गुठळ्या होतात.

आलं आणि गूळ घातलेला चहा हमखास फाटतो. दूध ताजंच असतं. (फोंडा)

ही दोन वेगळी कारणं आहेत. कच्च्या आल्यात दुधातलं प्रथिन तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. कोमट-गरम दुधात ते जोरात काम करतं. दक्षिण चीनमध्ये याच गुणावर आल्याच्या रसाने दूध घट्ट करून गोड पदार्थ करतात. उकळीत ते विकर मरतं. म्हणून आलं किसून आधी पाण्यात टाका, तीन मिनिटं खळखळ उकळा, मग पूड आणि शेवटी दूध. दुधात थेट आलं ठेचून घालायची सवय असेल तर ती सोडा.

गुळाचं वेगळं आहे. गूळ किंचित आंबट असतो, त्यात क्षारही असतात, आणि उकळत्या दुधात तो पडला की दूध फुटतं. ५० ग्रॅम गूळ ५० मि.ली. पाण्यात विरघळवून एक उकळी द्या, गाळा (तळाला रेती दिसेल) आणि बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, आठवडाभर चालतो. चहा गॅसवरून उतरवून दोन मिनिटं थांबा, बुडबुडे शमू द्या, मग कपाला दोन-तीन चमचे पाक. शंका असली तर वाटीत दोन चमचे चहा घेऊन त्यात पाकाचे चार थेंब टाकून बघा. तिथेच कणी दिसली तर दूध जुनं आहे, त्या दिवशी साखर वापरा.

माडाचा काळा गूळ चहात चालतो, पण त्याची चव दणकट आणि किंचित खारट असते. नेहमीच्या निम्म्याने सुरुवात करा.

कसायाची (धणे-जिऱ्याच्या काढ्याची) पूड घरी करते, पण पावसाळ्यात तिचे गोळे होतात. प्रमाणही सांगा. (डिचोली)

धणे १०० ग्रॅम, जिरं ५०, बडीशेप २५. मेथी, मिरी आणि सुंठ प्रत्येकी १०. मेथी याहून वाढवली की कसाय कडू होतो आणि बुळबुळीतही. प्रत्येक जिन्नस मंद आचेवर वेगळा भाजा, कारण जिरं करपेपर्यंत धणे कच्चेच राहतात. धण्यांचा वास सुटून ते तडतडायला लागले की उतरवा, रंग तपकिरी होईपर्यंत थांबू नका. दळण रव्यासारखं जाडसर हवं. फार बारीक पूड गाळली जात नाही आणि तळाशी चिखल होतो.

गोळे होण्याचं मूळ बहुधा शेवटच्या पायरीत असतं. मिक्सरमधून निघालेली पूड ऊनच असते. ती तशीच बरणीत भरली की वाफ झाकणाला लागते आणि पाणी होऊन पुडीवर पडते. ताटात पसरून तासभर पूर्ण निवू द्या. जून ते सप्टेंबर एकावेळी दोन आठवड्यांपुरतीच करा, चमचा कोरडा वापरा, बरणी शेगडीजवळ नको. कुबट वास आला किंवा पांढुरकी बुरशी दिसली तर पूड टाकून द्या. पुन्हा भाजून उपयोग नाही, बुरशीचं विष आचेने जात नाही.

दीड कप पाण्यात एक सपाट चमचा पूड उकळून एक कप करा, फडक्यातून गाळा, गूळ घाला. फ्लास्कमध्ये दुधाशिवायच भरा. कसायात दूध घालायचं ते घरी, पिताना.

तिजाण (नाचणीची पेज) बाटलीत नेलं तर खीर होते, तोंडातून उतरत नाही. (काणकोण, मडगावला नोकरी)

नाचणीचं पीठ शिजताना पाणी धरतं आणि निवताना आणखी आवळतं. घरी बरोबर वाटलेलं तिजाण नंतर घट्ट होणारच. गॅसवर असताना ते ताकाइतकं पातळ दिसलं पाहिजे. सपाट दोन मोठे चमचे पीठ रात्री अर्धा कप पाण्यात भिजवा, सकाळी गाळून एकूण ३०० मि.ली. करा आणि सात-आठ मिनिटं सतत ढवळत शिजवा. गूळ आणि चिमूटभर मीठ शेवटी.

आणखी खात्रीचा उपाय म्हणजे मोड आलेल्या नाचणीचं पीठ. मोड येताना धान्यात पिष्ट तोडणारं विकर तयार होतं. नाचणी बारा तास भिजवा, फडक्यात बांधून दीड दिवस मोड येऊ द्या, उन्हात किंवा पंख्याखाली वाळवून दळा. भाजू नका; भाजलं की विकर गेलं. तिजाण शिजल्यावर गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा, या पिठाचा एक चमचा थोड्या गार पाण्यात कालवून घाला आणि ढवळत राहा. पळीवरून गोळ्यासारखं पडणारं तिजाण डोळ्यांदेखत धारेने पडायला लागतं. पाच मिनिटांनी परत एक उकळी द्या, नाहीतर ते पाण्यासारखं होत जाईल.

नारळाचा रस मात्र फ्लास्कमध्ये नको. तो उकळीत फुटतो आणि ऊबेत आंबतो. रस घातलेलं तिजाण घरी बसून खावं, तीच त्याची खरी चव.

दूध चालत नाही. चोडणहून फेरीबोटीने रायबंदरला उतरतो, पावसात गरम काही हवं असतं. (चोडण)

पाच-सहा आमसुलं दीड कप कडकडीत पाण्यात पंधरा मिनिटं झाकून ठेवा, गाळा, गूळ, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची चिमूट घालून पुन्हा तापवा. भांडं स्टीलचंच, ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ आंबटाने कळकतं. ज्या दिवशी आंबट नको असेल त्या दिवशी गवती चहाची चार पाती कापून पाच मिनिटं झाकून उकळा आणि पाती काढून टाका. लिंबू फ्लास्कमध्ये पिळू नका, ऊबेत कडू होतं. फोड वेगळी न्या.

स्कूटर चालवणाऱ्यांनी फेरीवर किंवा थांब्यावरच प्यावं. चालत्या गाडीवर एका हाताने झाकण उघडू नये.

फ्लास्कला कुबट वास येतो, धुऊनही जात नाही. (वास्को)

वास स्टीलला नसतो, झाकणातल्या रबरी रिंगमध्ये असतो. चमच्याच्या मागच्या टोकाने ती काढा. खाचेत दुधाचा पिवळट थर सापडेल. रिंग आणि झाकण सोड्याच्या गरम पाण्यात तासभर ठेवा आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने खाच घासा. भांड्यात एक मोठा चमचा खायचा सोडा घालून गरम पाणी भरा आणि झाकण न लावता रात्रभर ठेवा. ब्लीच वापरू नका, त्याने स्टीलला बारीक खड्डे पडतात. तारेच्या घासणीनेही आत घासू नका. एवढं करून वास राहिला तर नवी रिंग घ्या.

उकळतं पाणी भरल्यावर दहा मिनिटांनी फ्लास्कची बाहेरची बाजू गरम लागली तर दोन भिंतींमधली पोकळी गेली आहे, तो दुरुस्त होत नाही. धुतलेला फ्लास्क उलटा आणि झाकणाशिवाय ठेवा. पावसाळ्यात बंद ठेवलेल्या ओल्या फ्लास्कला दोन दिवसांत पुन्हा तोच वास धरतो.